आईच्या नावाचं पाणी

माझं पोट कागदांवर संशय घेण्यावर चालतं. दुबईतल्या एका कंपनीत नोकरीला येणाऱ्या लोकांची प्रमाणपत्रं तपासणं हे माझं काम. डिग्री खरी आहे का, अनुभवाचा दाखला खरा आहे का, शिक्के बरोबर क्रमाने बसलेत का. आमच्याकडे नवीन मुलं कामाला लागली की मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, शिक्क्यांना भुलू नका. दिल्लीचा शिक्का एवढंच म्हणतो की राज्य सरकारचा शिक्का खरा आहे. वकिलातीचा शिक्का म्हणतो की दिल्लीचा खरा आहे. आत काय लिहिलंय ते त्यांच्यापैकी कुणीच वाचलेलं नसतं, ते आपण वाचायचं. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही असं ऑफिसात म्हणतात, आणि मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण धाकट्या भावाशी माझं जे भांडण झालं त्यात मी हीच विद्या पाजळली.

आम्ही वसईचे, कॅथलिक. लग्न करून मी शारजाला आले ती तलावाकाठच्या अल मजाज भागातच राहिले. मागून भावाला बोलावून घेतलं. तो हॉटेलच्या नोकऱ्या करत करत शेवटी उम्म अल कुवैनला समुद्राकाठच्या एका हॉटेलात स्थिरावला आणि तिथेच रिसेप्शनवर काम करणाऱ्या फिलिपिनो मुलीशी त्याने लग्न केलं. मुलगी मॉर्मन होती, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाची. लग्न तिच्या गावी झालं, आणि परत आल्यावर त्याने सांगितलं की त्यानेही तिचा पंथ घेतला. मी दोन दिवस धुसफुसले. आई म्हणाली, "देवाला मानते ना पोरगी? मग झालं." आम्हाला तेव्हा त्यातलं एवढंच कळलं होतं की ही माणसं चहा-कॉफी पीत नाहीत. माझ्या नवऱ्याला हे दारूबंदीपेक्षा भयंकर वाटलं. आई मात्र आमच्याकडे राहायला आली की सुनेसाठी गवती चहाची पात उकळून, पावडर न घालता, साखर घालून द्यायची, आणि दोघी आपापले कप घेऊन बाल्कनीत बसायच्या. दोघींची भाषा मोडकी हिंदी. सून मला "आते" म्हणते. तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. आईला त्याचं फार हसू यायचं.

आईच्या शेवटच्या आजारपणात मी सुट्टी मागितली तर ऑडिट होतं. भावजयीने बिनपगारी रजा घेतली आणि ती वसईला जाऊन राहिली. आईला रोज आंघोळ तिने घातली. आईला थंड पाणी अजिबात चालत नसे, एप्रिलमध्येसुद्धा. भावजय बादलीत आधी कोपर बुडवून बघायची, मग "मम्मी, ओके" म्हणायची. हे मला व्हिडिओ कॉलवर दिसायचं. त्या दिवसांत मी तिला मनात किती आशीर्वाद दिले असतील.

आई गेली. वर्ष झालं. तिच्यासाठी वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, मी इथल्या चर्चमध्ये सांगितली होती. मिस्सा झाल्यावर भाऊ आणि भावजय आमच्याकडे जेवायला आले. पापलेटचं कालवण, भात, आणि वसईहून आलेली सुकेळी. उरलेल्या कालवणाचा डबा मी भावजयीसाठी आधीच भरून ठेवला होता. जेवण होत आलं तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तुला एक सांगायचं होतं. आईचं टेम्पलमधलं काम झालं."

मला वाटलं, कसली तरी देणगी दिली असेल आईच्या नावाने.

मग त्याने नीट सांगितलं. त्यांच्यात मेलेल्या माणसांचा बाप्तिस्मा करता येतो. जिवंत माणूस त्याच्या बदली पाण्यात उतरतो, मेलेल्याचं नाव घेतात आणि त्याला बुडवून काढतात. सासुरवाडीला सुट्टीत गेले असताना त्यांच्या मंदिरात त्यांनी आईचा असा बाप्तिस्मा केला. बाईसाठी बाईच लागते. "हिनंच घेतला," तो बायकोकडे बघून म्हणाला, "आईच्या नावाने. म्हटलं, आता सगळी फॅमिली एकत्र राहील. कायमची."

भावजय ताटाकडे बघत होती.

माझ्या आईचा बाप्तिस्मा वसईच्या चर्चमध्ये तान्हेपणी झाला होता. तिने आयुष्यभर रोज संध्याकाळी रोजरी म्हटली. हातात रोजरी गुंडाळूनच तिला पेटीत ठेवलं. आणि तिला पुन्हा एकदा, परक्या देशात, परक्या लोकांनी, तिला न विचारता पाण्यात बुडवलं होतं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. "मेलेल्या बाईला बाटवलंस," असं म्हटल्याचं आठवतं. ती दोघं निघाली तेव्हा डबा भावजयीच्या हातात होता, कारण तो दाराशीच ठेवलेला होता आणि तिला काही सुचलं नसावं.

त्या संध्याकाळी नवरा शांतपणे म्हणाला, "तू म्हणतेस त्यांचं पुस्तकच खोटं आहे."

"आहेच."

"मग मम्मींना काय झालं? एका बाईने पाण्यात डुबकी मारली. संपलं. तू कशाला त्रास करून घेतेस?"

अशा वेळी मी कामाला लागते. मी ठरवलं, त्यांचा धर्मग्रंथच खोटा आहे हे भावाला दाखवून द्यायचं. एकदा मूळ कागद बोगस ठरला की त्याच्यावरचे सगळे शिक्के आपोआप बाद होतात. तो स्वतःच म्हणेल, ताई, चूक झाली.

मग लंच ब्रेकमध्ये मी वाचायला लागले. गोष्ट अशी आहे: अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या मुलाला देवदूताने टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले. त्यावर प्राचीन लिपीत जुन्या लोकांचा इतिहास कोरलेला होता. मुलगा फारसा शिकलेला नव्हता. तो एक खडा टोपीत टाकायचा, टोपीत तोंड घालायचा आणि त्याला शब्द दिसायचे. तो सांगायचा, दुसरा लिहून घ्यायचा. असं करत काही महिन्यांत जाडजूड पुस्तक झालं आणि पत्रे देवदूत परत घेऊन गेला. काही माणसांनी सही करून सांगितलं की आम्ही पत्रे डोळ्यांनी पाहिले. माझ्या टेबलावर अशी फाइल आली असती तर चहा संपायच्या आत परत गेली असती.

मी भावाला फोन केला. म्हटलं, ये, बोलायचंय. भांडायचं नाही, पुस्तकावर बोलायचं.

तो आला. एकटाच. मी यादी काढूनच बसले होते. पहिला प्रश्न साक्षीदारांचा टाकला. म्हटलं, "ही माणसं कोण? एकमेकांचे भाऊ, बाप, मित्र. घरच्या माणसांची साक्ष आमच्याकडे कुणी धरत नाही."

"त्यातले काही नंतर पंथ सोडून गेले, ताई. भांडून गेले. पण पत्रे पाहिले नाहीत असं कुणी म्हटलं नाही. खोटी सही केली असती तर भांडण झाल्यावर पहिलं तेच सांगितलं नसतं का?"

हे मला जड गेलं. खोटे दाखले मी ज्या ज्या वेळी पकडले त्यातले बरेचसे भागीदारांच्या भांडणातूनच बाहेर आले होते. मी विषय बदलला. सुरुवातीची लिहिलेली पानं एका माणसाने घरी दाखवायला नेली आणि ती हरवली. खड्यातून शब्द दिसत होते, तर तीच पानं पुन्हा का नाही सांगितली? तो म्हणाला, चोरांनी जुनी पानं बदलून, बघा जुळत नाही, असं म्हणू नये म्हणून देवाने मनाई केली. मी म्हटलं, "वा! ड्युप्लिकेट देता येत नाही, कारण ओरिजिनलशी जुळणार नाही. असं आमच्याकडे कुणी बोललं तर मी सिक्युरिटीला बोलावीन."

तो हसला. मीही हसले. त्या दिवशी आम्ही बरे होतो. नंतरच्या सुट्टीला मी उम्म अल कुवैनला गेले, त्याच्या पुढच्या सुट्टीला तो आमच्याकडे आला. भावजय या बोलण्यात बसत नसे. मी गेले तर पाणी आणून ठेवायची आणि आत जायची. मी तिच्याकडे बघत नव्हते. भावाचा मला राग होता, पण तिचा जास्त होता. ज्या हातांनी आईला आंघोळ घातली त्याच हातांनी हे केलं, असं सारखं मनात येई.

आमच्या मजल्यावर पुण्याच्या एक काकू राहतात. मुलाकडे असतात. आईची आणि त्यांची चांगली गट्टी होती. एकदा आमची चर्चा ऐन रंगात असताना त्या विरजण मागायला आल्या आणि बसल्याच. सगळं ऐकून घेतलं. मी मोठ्या आशेने विचारलं, "काकू, तुम्हीच सांगा. सोन्याचे पत्रे, आणि देवदूत परत घेऊन गेला. पटतं?"

काकू म्हणाल्या, "बाई गं, आमच्याकडे नदीत बुडवलेल्या वह्या कोरड्या वर आल्या. मी कुठल्या तोंडाने हसू?" आणि विरजणाची वाटी घेऊन उठल्या. भाऊ इतका खूश झाला की मी त्याच्या अंगावर उशी फेकली.

माझा हुकमी एक्का घोड्यांचा होता. त्या पुस्तकात प्राचीन अमेरिकेत घोडे आहेत, पोलाद आहे. संशोधक म्हणतात, त्या काळी तिथे ते नव्हतं. हे मला लगेच ओळखू आलं, कारण माझ्या हातून पकडला गेलेला पहिला बोगस दाखला याच जातीचा होता. वसईच्याच एका वर्कशॉपचा अनुभवाचा दाखला. तारीख जुनी, आणि पत्त्यात जिल्हा पालघर. त्या तारखेला पालघर जिल्हा झालेलाच नव्हता, वसई ठाण्यात होती. सगळे शिक्के अस्सल, पण दाखला नंतर बसून बनवलेला. दुबईत दुसऱ्या कुणाच्या बापाला ते कळलं नसतं.

"तुझे घोडे म्हणजे जिल्हा पालघर," मी भावाला म्हटलं. "जे तेव्हा नव्हतंच, ते कागदावर आलं कुठून? नंतर लिहिणाऱ्याच्या डोक्यातून."

मला वाटलं, खलास. जिंकले.

मग तो म्हणाला, "आईच्या पासपोर्टातलं नाव दुरुस्त करायचं होतं तेव्हा आपण चर्चमधून तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढला होता, आठवतं? फादरांनी त्यावर काय लिहिलं होतं?"

मला आठवलं. जिल्हा पालघर. आईचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पालघर जिल्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण दाखला आता लिहिला, लिहिणाऱ्याने आताचा शब्द घातला.

"मग आईचा बाप्तिस्मा खोटा का?" भाऊ म्हणाला. "भाषांतर करणाऱ्यालाही त्याच्या काळचेच शब्द सुचणार ना, ताई."

"चर्चमध्ये मूळ नोंद आहे," मी म्हटलं. "जाऊन बघता येते. तुझी मूळ नोंद कुठे आहे?"

"देवदूताने नेली."

"झालं तर मग."

"झालं," तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं काहीच नव्हतं. तो थकलेला दिसत होता. "ताई, तू मला नवीन काही सांगत नाहीयेस. लग्नाआधी मी सगळं वाचलं होतं. घोडे, टोपी, हरवलेली पानं. तिनेच वाचायला दिलं. म्हणाली, आधी हे वाच. मग मी प्रार्थना केली. मला उत्तर मिळालं. ते मी तुला दाखवू शकत नाही, आणि नाही मिळालं असं म्हणूही शकत नाही."

अशा बोलण्यावर शिक्का कुठे मारायचा? मी माझी यादी मिटली. आणि ते पाहून, माझी समजूत घालायची म्हणून, तो जे बोलला त्याने सगळं बिघडलं. तो म्हणाला, "आणि आईवर जबरदस्ती नाहीच. तिथे, मेल्यानंतरच्या जगात, तिला विचारतात. ती घेईल नाहीतर नको म्हणेल. चॉइस तिचा आहे."

"आई?" मी म्हटलं. "आई नको म्हणेल?"

आईला नको म्हणता येत नसे. हे वसईत सगळ्यांना माहीत होतं, आणि इथे आल्यावर महिन्याभरात इमारतीलाही कळलं. रमजानमध्ये खालच्या इजिप्शियन कुटुंबाकडून ताट आलं की ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि त्यांच्या देखत चाखून बघायची. काकूंच्या गणपतीला गेली की प्रसाद घ्यायची, हात जोडायची. एकदा तिला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मल्याळी नर्स तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना करायची, आणि आई सगळ्याला आमेन म्हणायची. त्याच दिवशी संध्याकाळी काकूंनी अंगारा लावला तर कपाळ पुढे केलं. मी चिडले तर म्हणाली, "त्यांना बरं वाटतं गं. आपलं काय जातं?" जायचं ते तिच्या तब्येतीचं जायचं. तिला मधुमेह होता. काकू शिऱ्याचा डोंगर वाढायच्या आणि आई "बास, बास" सुद्धा म्हणायची नाही. भावजय शेजारी असली तरच निभावायचं. काकूंची पाठ वळली की ती गुपचूप आपली रिकामी बशी आईकडे सरकवायची, भरलेली स्वतःकडे ओढायची, आणि दोघी काहीच झालं नाही अशा बसायच्या. गोड जास्त झालं की भावजयीचं डोकं दुखायचं, पण ती ते खायची. म्हणून काकूंकडे जाताना आई आधी विचारायची, सून येणार आहे ना?

ही माझी आई. आणि तिला एकटीला, मेल्यावर, कुणीतरी पुढ्यात ताट धरून विचारणार होतं, घेता का?

मी आधी हसले आणि मग रडायला लागले, ते थांबेना. माझ्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली, दोन्ही हात पुढे केलेली. भाऊ घाबरला. पाणी आणायला उठला. मी त्याला म्हटलं, "तू तिला ओळखतोस. ती हो म्हणणार हे तुला माहीत होतं. माहीत असून विचारायला लावलंस."

"ताई, पण तुझ्या मते तर ते काहीच खरं नाही—"

"नाव काढून टाक तिचं. त्यांना काय कळवायचं ते कळव. नाव निघेपर्यंत या घरात पाऊल टाकू नकोस."

"ताई."

"यल्ला, जा."

तो गेला. त्याला जाताना मी बघितलंही नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. आई-बाबा गेलेले, वसईचं घर बंद, माहेर म्हणून मला उरला होता तो एवढा एक माणूस, तासाभराच्या अंतरावर, आणि मीच त्याला दार बंद केलं होतं. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. संध्याकाळी रोजरीला बसले की मधेच मणी कुठला चाललाय ते विसरायची. पुस्तक खोटं आहे याबद्दल माझी खात्री तसूभरही हलली नव्हती. आजही हललेली नाही. पण आई तिथे हात पुढे करून उभी आहे हे काही केल्या जाईना. खोट्या पुस्तकातल्या खोट्या जागी माझी खरी आई उभी होती, आणि तिथे जाऊन तिला घरी आणायची सोय नव्हती.

माझी मुलगी कॉलेजात आहे. घरात काय चाललंय ते तिला कळत होतं. एकदा जेवताना म्हणाली, "मॉम, यू वॉन द आर्ग्युमेंट. देन व्हाय आर यू स्टिल सो सॅड?"

"जेव मुकाट्याने," मी म्हटलं.

त्यानंतर एका शनिवारी दुपारी, नवरा आणि मुलगी बाहेर गेले असताना, बेल वाजली. दारात भावजय उभी होती. हातात माझा कालवणाचा डबा.

मी तिला आत घेतलं. नको म्हणणं मलाही तितकंसं जमत नाही. तिने डबा ओट्यावर ठेवला. जड होता. उघडून बघितला तर आत तिच्या देशाचा, नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट गोड भात. म्हणाली, "मम्मी बोलती थी, खाली डब्बा वापस नहीं देना."

आईने तिला हे कधी शिकवलं कुणास ठाऊक. मी गवती चहाची पात उकळायला टाकली, कारण काहीतरी करायला हवं होतं. ती आईच्या नेहमीच्या खुर्चीत न बसता शेजारच्या खुर्चीत बसली. मग माझ्या मनात जे इतके दिवस साचलं होतं ते मी विचारलंच. "उस दिन, पानी में... क्या किया तुमने?"

तिला प्रश्न नीट कळला.

"पहले पानी चेक किया," ती म्हणाली, आणि कोपर थोडं पुढे केलं. "गरम था. ठंडा होता तो मैं नहीं जाती. मम्मी को ठंडा नहीं चलता."

मी गॅसकडे बघत राहिले. पाण्याला उकळी फुटली होती.

"फिर नाम लिया उन्होंने. मम्मी का पूरा नाम. आते, मुझे डर लगा. मैंने सोचा, मम्मी तो सबको हाँ बोलती है. कोई भी देगा, ले लेगी." कप तिने दोन्ही हातांत धरला होता, अजून रिकामाच. "तो मैंने पानी में जाने से पहले, दिल में बोला. मम्मी, पसंद नहीं तो मत लेना. आप कुछ मत बोलना. मैं हूँ साथ में. आपकी तरफ से ना मैं बोल दूँगी."

मी गॅस बंद केला.

एवढे दिवस मी आणि भाऊ टोपी आणि घोडे आणि पालघर करत बसलो होतो. त्याला पुस्तक खरं ठरवायचं होतं, मला खोटं. आईला नको म्हणता येत नाही हे मला फार उशिरा आठवलं आणि मी ते भावाच्या तोंडावर मारलं. हिला ते त्या पाण्याच्या काठावरच आठवलं होतं, आणि तिने बशी सरकवली होती.

"उसको बताया?" मी विचारलं. उसको म्हणजे भावाला.

तिने मान हलवली. नाही. "उसको लगेगा मेरा फेथ कम है." मग जरा हसली. "शायद कम है. मम्मी के लिए."

मी तिच्या कपात पाणी ओतलं, साखर घातली. थोडं बशीत सांडलं. मी विचारलं, कशी आलीस? ती म्हणाली, गाडीने. मग खिडकीकडे बघून हळूच म्हणाली, "वो नीचे है. गाड़ी में. आपने बोला था, घर में नहीं आना."

मी खिडकीपाशी गेले. खाली तलावाच्या कडेच्या पार्किंगमध्ये त्याची पांढरी गाडी होती. तो गाडीत नव्हता, बाहेर उन्हात उभा होता, बोनेटला टेकून. इतक्या उंचावरून बाबांसारखाच दिसत होता.

फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"वर ये," मी म्हटलं.

"ताई, नाव अजून काढलेलं नाही मी." तो म्हणाला. "खोटं बोलणार नाही तुझ्याशी. काढवत नाही मला."

मी मागे वळून बघितलं. भावजय बशीत सांडलेलं पाणी पुन्हा कपात ओतत होती. शेजारची आईची खुर्ची तिने थोडी ओढून घेतलेली, जवळ.

"राहू दे," मी म्हटलं. "आई एकटी नव्हती तिथे. तुझी बायको होती शेजारी. ये वर, ऊन आहे."